एकशे चार किलोचा कुत्रा

कुणाला तरी साधी वजाबाकी करायचा कंटाळा आला आणि एक जीव गेला. ज्याने केलं त्याला ते ठाऊक होतं. ज्यांनी पाहिलं त्यांनाही ठाऊक होतं. आणि सगळे आपापल्या नखांकडे बघत उभे राहिले.

कोण ते, असं विचारू नका, मुलांनो. नाव घेतलं की दुसऱ्या दिवशी दारात नोटीस येते. त्यापेक्षा आपण जंगलात जाऊ. तिथे नोटिसा पानांवर लिहितात आणि बहुतेक नोटिसा पोचायच्या आत हरणं खाऊन टाकतात.

तर एका जंगलात जांबूबाई नावाची अस्वलीण राहत होती आणि तिने एक कुत्रा पाळला होता.

हसू नका. जंगलही हसलं होतं. जंगलात कुणी कुणाला पाळत नाही. एकतर खातात, नाहीतर सोडून देतात. पण हा कुत्रा गावाची वाट चुकून सागाच्या बनात आला होता. पिवळसर रंग, हातभर लांबी, एक कान उभा आणि एक पडलेला. जांबूबाई त्याच्यावर गुरगुरली. त्याने शेपूट हलवलं. ती आणखी जोरात गुरगुरली. त्याने आणखी जोरात शेपूट हलवलं. याला आपलं बोलणं उलटं ऐकू येतं, हे तिच्या लक्षात आलं. अशा जिवाला एकटं सोडणं बरं नाही, म्हणून तिने त्याला घरी नेलं.

तो कढईत टाकल्यासारखा सारखा उडायचा. म्हणून त्याचं नाव फुटाणा.

जांबूबाईचं मुख्य जेवण म्हणजे वाळवी. सकाळी ती वारूळ शोधायला निघाली की फुटाणा पुढे पळायचा. वारूळ सापडलं की दोन पायांनी चार ठिकाणी माती उकरायचा आणि बाजूला बसून तिच्याकडे बघायचा. स्वतः एक वाळवी चाटायचा नाही. त्याला ती आवडत नसे. तिला आवडते, एवढं त्याला पुरत होतं.

एके सकाळी त्याने चुकीच्या बिळात तोंड घातलं. साळिंदर घरीच होतं. फुटाणा केकाटत परत आला तेव्हा त्याच्या गालात बोटभर काटा होता. जांबूबाईने काटा धरायला हात पुढे केला. पण तिची नखं काट्याहून लांब. फुटाणा आणखीच केकाटला. मग तिने त्याला उचललं आणि थेट तळ्याकाठचा दवाखाना गाठला.

हा दवाखाना डॉक्टर बगळ्यांचा. ते डॉक्टर कसे झाले, हे ऐकण्यासारखं आहे. जंगलात सगळ्यात पांढरे तेच होते. त्यांना पाहिलं की जनावरं आपणहून जीभ बाहेर काढून उभी राहायची. पहिल्या पहिल्यांदा बगळ्यांना कळेना, ही आपल्याला जीभ का दाखवतात. मग सवय झाली. मग पाटी लावली. विचार करताना ते एका पायावर उभे राहत. ते पाहून रुग्णांना वाटे, केवढा गाढा अभ्यास!

डॉक्टरांच्या हाताखाली एक कंपाउंडर होती, खारूताई. हुशार आणि चटपटीत. तिच्यात दोष एकच. सांगितलेलं सगळं ती बिनचूक करायची.

आता मुलांनो, इथे नीट लक्ष द्या. कारण न्यायालयातही इथेच सगळ्यांचं लक्ष उडालं होतं.

लहान जनावर वजनकाट्यावर एका जागी उभं राहत नाही. म्हणून दवाखान्यांत एक पद्धत असते. मालकाने जनावराला काखेत घ्यायचं आणि दोघांनी मिळून काट्यावर चढायचं. आकडा लिहायचा. मग जनावर खाली ठेवायचं आणि मालकाने एकट्याने चढायचं. हाही आकडा लिहायचा. पहिल्यातून दुसरा वजा केला की उरतं ते जनावराचं वजन. तुमच्यापैकी दुसरीत असलेल्यांनाही हे जमेल. डॉक्टर मात्र दुसरीत नव्हते. ते पुष्कळ पुढे गेले होते.

“मावशी, घ्या त्याला आणि चढा काट्यावर,” खारूताई म्हणाली.

जांबूबाई फुटाण्याला घेऊन चढली. काटा कुरकुरला.

“एकशे चार!” खारूताईने केसपेपरच्या पानावर लिहिलं. “आता त्याला खाली ठेवा, आणि तुम्ही एकट्या...”

“खारूताई!” आतून डॉक्टर ओरडले. ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या खांद्यावर शाल होती. त्या दिवशी तळ्याच्या पलीकडे त्यांचा सत्कार होता. उशीर नको म्हणून शाल त्यांनी आधीच मागवून घेतली होती. “काही रीतभात आहे की नाही तुला? बाईमाणसाचं वजन चारचौघांत करतात का?”

रांगेतली जनावरं फिदीफिदी हसली. रांगेत एक कासवही होतं. खोकला दाखवायला आलं होतं. आलं तेव्हा खोकला नवा होता. ते तेवढं हसलं नाही.

आणि खरं सांगायचं तर त्या वेळी जांबूबाईला बरंच वाटलं. किती समजूतदार डॉक्टर आहेत, असं तिच्या मनात आलं. ही गोष्ट तिने पुढे फार दिवस कुणाला सांगितली नाही.

मग संमतीचं पान आलं. ‘जिवाचं काही बरंवाईट झाल्यास दवाखाना जबाबदार नाही. वाचून, समजून, राजीखुशीने ठसा देत आहे.’ ठसा मालकाचा हवा होता. पण जांबूबाईचे दोन्ही हात फुटाण्याला धरण्यात अडकले होते आणि डॉक्टर घाई करत होते. फुटाण्याचा एक पाय मोकळा लोंबत होता. खारूताईने तोच शाईत बुडवला आणि पानावर टेकवला. फुटाण्याने पान चाटलं. वाचून, समजून, राजीखुशीने.

गुंगीच्या औषधाचं माप सोपं होतं. किलोला एक थेंब. खारूताई थेंब मोजू लागली. चाळिसाव्या थेंबाला ती थांबली.

“डॉक्टरसाहेब, जरा जास्त होतंय का?”

“केसपेपरवर वजन किती आहे?”

“एकशे चार.”

“मग? तुला वाचता येतं ना?”

खारूताईला वाचता येत होतं. तिने एकशे चार थेंब दिले. एक कमी नाही, एक जास्त नाही.

डॉक्टरांनी काटा मात्र फार सुंदर काढला, हे मान्य केलं पाहिजे. चोच घातली, अलगद ओढली, काटा बाहेर. रक्ताचा एक थेंब नाही. “तासाभरात उठेल,” ते म्हणाले आणि सत्काराला उडून गेले.

तास झाला. दुपार कलली. जांबूबाई शेजारी बसून होती. तिने बाहेर जाऊन एक वारूळ शोधलं, त्याची मूठभर माती आणली आणि फुटाण्याच्या नाकाशी धरली. त्याचा उभा कान हलला नाही. तिने माती तिथेच ठेवली. ऊन उतरलं तेव्हा माती सुकली होती.

संध्याकाळी डॉक्टर आले. त्यांच्या अंगावर आता दोन शाली होत्या. त्यांनी फुटाण्याच्या छातीला कान लावला.

“गेला. याचं हृदय कमकुवत होतं.”

“कधीपासून?” जांबूबाईने विचारलं.

“दुपारपासून,” डॉक्टर म्हणाले.

दुसऱ्या दिवशी समाचाराला शेजारणी आल्या. समाचाराला येणाऱ्यांना काही ना काही बोलावं लागतं. माकडीण झाडावरून खाली आली, जांबूबाईशेजारी बसली आणि म्हणाली, “मावशी, राग मानू नका हं. पण तुम्ही स्वतः कशाला उचललंत त्याला? मी माझ्या पिल्लाला नेते ना, मी आहे केवढीशी! काही प्रश्नच येत नाही.”

“म्हणजे?”

“म्हणजे काही नाही, बाई. दवाखान्यात सगळे म्हणत होते, ते सांगितलं.”

त्या दिवसापासून जांबूबाईने मध सोडला. मग वाळवीही निम्मी केली. तिची कातडी दुसऱ्याची घातल्यासारखी लोंबू लागली. तळ्यावर पाणी प्यायला गेली की ती पाण्यात स्वतःकडे बघायची आणि मनाशी म्हणायची, “आपण एवढ्या होतो म्हणून तो गेला का? की त्या दिवशी आपण लाजलो म्हणून गेला?”

शेवटी ती खारूताईकडे गेली. खारूताईने आधी इकडेतिकडे पाहिलं, मग शेपटीखालून केसपेपर काढला. त्यावर लिहिलं होतं: ‘रुग्ण: कुत्रा. वजन: एकशे चार किलो. तक्रार: गालात काटा. परिणाम: काटा निघाला.’

जांबूबाईने ते दोनदा वाचलं. मग ती स्वतः काट्यावर चढली. मध सोडून ती आठ किलो उतरली होती, तरी काटा सत्त्याऐंशीवर थांबला. म्हणजे त्या एकशे चारमधले बहुतेक किलो तिचेच होते.

ती डॉक्टरांसमोर उभी राहिली. “डॉक्टरसाहेब, मला भांडायचं नाही. एवढंच लिहून द्या, की माझं वजन वजा करायचं राहिलं. एक ओळ.”

“बाई, असं लिहून द्यायची पद्धत नाही.”

“मग काय लिहून द्यायची पद्धत आहे?”

डॉक्टर एका पायावर उभे राहिले. “तब्येतीला जपा, असं देता येईल.”

मुलांनो, त्यांनी ती एक ओळ तेव्हाच लिहिली असती तर ही गोष्ट इथेच संपली असती आणि तुम्हाला खेळायला जाता आलं असतं. पण मोठ्यांना चूक कबूल करण्यापेक्षा खटला लढणं सोपं वाटतं. खटल्यात दुसरं कुणीतरी बोलतं.

डॉक्टरांच्या बाजूने वकील घोरपडताई बोलणार होत्या. त्या एकदा मुद्द्याला चिकटल्या की चार जनावरांनी ओढूनही सुटत नसत. जांबूबाईच्या बाजूने जांबूबाईच होती. आणि न्यायाधीश होते गवा. फार पोक्त गृहस्थ. समोर आलेलं सगळं ते आधी गिळून टाकत आणि नंतर सावकाश रवंथ करत. त्यामुळे त्यांच्या न्यायालयात निकाल नेहमी रवंथासाठी राखून ठेवलेला असे.

साक्षीदार म्हणून कासवाला बोलावणं गेलं. “मी निघतो,” कासव म्हणालं, “पण माझा नंबर कुणीतरी धरून ठेवा.” आणि ते निघालं.

ते पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं, म्हणून कामकाज सुरू झालं.

“एकशे चार थेंब दिले ना?” जांबूबाईने विचारलं.

“दिले,” घोरपडताई म्हणाल्या. “अभिमानाने सांगते, दिले. किलोला एक थेंब हे शास्त्र. एकशे चार किलोच्या कुत्र्याला एकशे चार थेंब. चूक कुठे आहे?”

“अहो, तो एकशे चार किलोचा कसा असेल? तो माझ्या काखेत मावत होता!”

“केसपेपर बघा. काय लिहिलंय?”

“ते चुकीचं लिहिलंय!”

“माननीय गवासाहेब,” घोरपडताईंनी आवाज चढवला, “केसपेपर हा डॉक्टरांचा शब्द आहे. केसपेपर खोटा म्हटला तर उद्या जंगलातल्या कुठल्याच रोगावर कुणाचा विश्वास राहणार नाही. केसपेपर म्हणतो एकशे चार. म्हणजे तो कुत्रा एकशे चार किलोचा होता. पूर्णविराम!”

गव्यांनी हे गिळलं.

“आणि समजा,” त्या पुढे म्हणाल्या, “वादासाठी समजा, यात बाईंच्या वजनाचा काही संबंध आहे. तर मग ते वजन कुणाचं? डॉक्टरांचं? डॉक्टर तर दीड किलोसुद्धा भरणार नाहीत. त्यांनी कुत्रा उचलला असता तर हा प्रसंगच आला नसता.”

न्यायालयात हशा पिकला. जांबूबाईने आपले हात पोटावर घेतले.

“शिवाय कुत्र्याने स्वतः संमती दिलेली आहे. हा बघा ठसा. कुणी जबरदस्ती केली नव्हती. वर चाटलेलंही दिसतंय.”

तेव्हा जांबूबाई उठली. तिला कायदा येत नव्हता. पण वाळवी खाणाऱ्याला एक सवय असते. भोक दिसलं की त्यात बोट घालायचं.

“मग तो शहाणा होता म्हणा की! स्वतःच्या जिवाचं बरंवाईट त्याला कळत होतं, असंच ना? तर मग त्याच्या जिवालाही काही मोल आहे. त्याच्या मरणाचं उत्तर द्या.”

घोरपडताईंनी पकड बदलली. “छे, छे! पाळीव जनावर कायद्याने वस्तू असतं. टोपली असते, चटई असते, तसा कुत्रा. टोपली फाटली तर टोपलीच्या मरणाचं उत्तर कुणी मागतं का?”

“टोपलीने ठसा दिला होता का?”

“हा प्रश्न विचारात घ्यायला पाहिजे,” गवा म्हणाले, आणि त्यांनी तोही गिळला.

तीन दिवस रवंथ चालला. चौथ्या दिवशी निकाल आला.

“न्यायालयाने सर्व बाजू चावून पाहिल्या आहेत,” गवा म्हणाले. “ठसा देताना सदर कुत्रा समजूतदार प्राणी होता. मरताना तो वस्तू होता. हा बदल नेमका कधी झाला, ते नोंदीत नाही, त्यामुळे न्यायालय त्यात पडत नाही. केसपेपर खरा आहे. कुत्रा एकशे चार किलोचाच होता. औषध बरोबर होतं. डॉक्टरांचा दोष नाही.”

डॉक्टरांनी पंख झटकले. घोरपडताईंच्या शेजारी बसलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. जांबूबाई जागच्या जागी उभी राहिली. ती रडेल, असं सगळ्यांना वाटलं. माकडीण तर त्यासाठी पुढच्या फांदीवर येऊन बसली.

“बरं,” जांबूबाई शांतपणे म्हणाली. “मग माझी वस्तू मला परत द्या.”

“म्हणजे?” गव्यांनी चावणं थांबवलं.

“मी दवाखान्यात एक वस्तू दिली. ती मला परत मिळाली नाही. टोपली दुरुस्तीला दिली आणि बुरुडाने हरवली, तर तो तशीच दुसरी देतो. जंगलाचा कायदा आहे ना हा? मला तशीच वस्तू हवी. एक कुत्रा. एकशे चार किलोचा.”

“असा कुत्रा नसतो!” डॉक्टर जागेवरून ओरडले.

“होता,” जांबूबाई म्हणाली. “आत्ताच सगळ्यांनी सांगितलं.”

घोरपडताईंनी डॉक्टरांच्या शालीचं टोक ओढलं. पण केसपेपर खोटा, असं त्यांना आता म्हणता येईना. त्या आपल्याच मुद्द्याला इतक्या घट्ट चिकटल्या होत्या, की स्वतःलाच सोडवता येत नव्हतं. गव्यांनी पुन्हा चावून पाहिलं. कुठे खडा लागला नाही.

“मागणी रास्त आहे. डॉक्टरांनी पंधरा दिवसांच्या आत एकशे चार किलो वजनाचा, जिवंत, पाळीव, एक कान पडलेला कुत्रा जांबूबाईंच्या दारात पोचवावा. तोवर दवाखाना बंद.”

आता मुलांनो, हसलात तरी चालेल.

डॉक्टर बगळे कुत्रा शोधायला निघाले. त्यांनी गावाकडची सगळी कुत्री पाहिली. सगळ्यात मोठा भरला अठ्ठावीस किलोचा, तोही ओला असताना. त्यांनी एका कुत्र्याला पंधरा दिवसांत खाऊपिऊ घालून वाढवायचं ठरवलं. कुत्रा दोन दिवसांत दीड किलो वाढला, डॉक्टर अर्धा किलो घटले. मग त्यांनी पाच कुत्री एकत्र बांधून जांबूबाईच्या दारात उभी केली.

“नग एक लिहिलाय,” ती म्हणाली. पाचही कुत्र्यांना पाणी दिलं आणि परत पाठवलं.

मग त्यांनी एका तरसाचा कान पाडला आणि त्याला घेऊन आले. “हा जरा कुत्र्यासारखाच आहे.”

जांबूबाईने तरसाकडे पाहिलं. “हा हसतोय.”

“मग?”

“माझा नुसता शेपूट हलवायचा.”

चौदाव्या दिवशी डॉक्टर दमून एका दगडावर बसले. दवाखाना बंद. त्यांना पाहून कुणी जीभ काढत नव्हतं. पुढच्या सत्काराचं निमंत्रण परत गेलं होतं. त्यांनी विचार करायला एक पाय उचलला आणि तोल जाऊन ते खाली पडले. इतक्या वर्षांत हे पहिल्यांदाच झालं होतं.

पंधराव्या दिवशी ते न्यायालयात उभे राहिले, दोन पायांवर.

“मला काही सांगायचंय,” ते म्हणाले. “तो कुत्रा एकशे चार किलोचा नव्हता. दोघांचं मिळून होतं. बाईंचं वजन वजा करायचं राहिलं.”

“कुणाकडून राहिलं?” जांबूबाईने विचारलं.

डॉक्टरांनी खारूताईकडे पाहिलं. खारूताईने पाहिलं नाही. त्यांनी घोरपडताईंकडे पाहिलं. त्या भिंतीवर चढून बसल्या होत्या.

“माझ्याकडून.”

“लिहून द्या.”

त्यांनी लिहून दिलं. पानावर ती एक ओळ होती. जांबूबाईने वाचली, घडी घातली आणि कानामागे खोचली.

“बाईंचे तेव्हाचे पंच्याण्णव वजा केले की वस्तू नऊ किलोची ठरते,” गवा म्हणाले. “नऊ किलोचा कुत्रा मिळणं सोपं आहे. न्यायालय तसा आदेश...”

“नको,” जांबूबाई म्हणाली. “मला जे हवं होतं ते मिळालं.”

ती बाहेर पडली तेव्हा दारात कासव भेटलं. घामाघूम झालं होतं. “मी साक्ष द्यायला आलोय! मी सगळं पाहिलं होतं. दोघं चढले आणि दोघं उतरले. एकटं कुणी चढलंच नाही!”

“झालं, बाबा. निकाल लागला.”

“लागला?” कासवाला खोकल्याची उबळ आली. “आणि माझा रांगेतला नंबर?”

गोष्ट इथे संपली असती, तर तुम्ही म्हणाला असता, वा, सत्य जिंकलं. पण ही तसली गोष्ट नाही.

कबुली आली म्हटल्यावर वैद्यक परिषदेला बैठक घ्यावी लागली. परिषदेचे पाच सदस्य होते. पाचही बगळे. पाचही जण पाण्यात एका पायावर उभे राहून दिवसभर विचार करत होते. मधूनमधून मासा दिसला की विचार थांबायचा. संध्याकाळी त्यांनी ठराव केला: ‘वजाबाकी हा वैद्यकशास्त्राचा विषय नाही. ती राहिली तर तिला वैद्यकीय चूक म्हणता येत नाही. डॉक्टरांनी स्त्रीदाक्षिण्य दाखवलं, याची परिषद नोंद घेते.’ आणि डॉक्टर बगळ्यांना तिसरी शाल मिळाली.

पण पुन्हा असं होऊ नये, म्हणून परिषदेने कडक उपायही केला. दवाखान्याच्या दारावर नवी पाटी लागली: ‘मालकांनी आपले वजन घरी ठेवून यावे.’

दवाखाना पुन्हा सुरू झाला. पहिल्याच दिवशी गर्दी उसळली. सशाची बायको पिल्लाला घेऊन काट्यावर चढली.

“पाच!” खारूताई म्हणाली आणि लिहू लागली.

“थांब,” मागून आवाज आला.

जांबूबाई काट्याशेजारी येऊन उभी होती. तिच्या हातात कोळसा होता. तिने भिंतीवर पाच लिहिलं. “सूनबाई, पिल्लू माझ्याकडे दे. आता तू एकटी चढ.”

“इश्श! एवढ्या लोकांत?”

“एवढ्या लोकांतच. मी लाजले होते, तू लाजू नकोस.”

सशीण चढली. चार. जांबूबाईने पाचाखाली चार लिहिला, खाली रेघ ओढली आणि रेघेखाली एक लिहिला. मग पिल्लू तिच्या हातात दिलं. “एक थेंब. मोजून घे.”

डॉक्टर आतून डोकावले. त्यांना हे आवडलं नाही. पण तिला बाहेर काढा, असं सांगायला ते ज्याच्याकडे वळले तो प्रत्येक जण दुसरीकडे बघू लागला. शेवटी ती अस्वलीण होती. आता तर तिने मधही पुन्हा सुरू केला होता.

तेव्हापासून ती रोज सकाळी तिथे येते. आधी वाटेत एखादं वारूळ दिसलं की थांबते, पुढे कुणी चार ठिकाणी उकरलंय का, ते बघते, आणि मग येते. दवाखान्याची भिंत आकड्यांनी काळी झाली आहे. परिषदेने ती दोनदा चुन्याने पांढरी करून घेतली. पांढऱ्यावर कोळसा आणखी छान उठतो.

तात्पर्य: मुका जीव पाळायचा असेल, तर आधी आपण बारीक व्हावं. डॉक्टरांना वजाबाकी शिकवण्यापेक्षा ते लवकर होतं.

हे तात्पर्य दवाखान्यात मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा कासवाचा नंबर नुकताच लागला होता. ते काट्यावर चढलं, आकडा बघितला आणि खोकत खोकत म्हणालं, “ते सगळं ठीक आहे हो. पण हे कवच धरून लिहिलंत की सोडून?”